परमुलखातील गावांची नावे : उच्चार आणि लेखन

प्रस्तावना

नोकरी, व्यापार, शिक्षण, तीर्थयात्रा अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने तुम्हांला आपला मुलूख सोडून दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात जावे लागले असेल. अशा वेळी सर्वांत आधी भेटते ते त्या गावाचे नाव. ते तिकिटावर असते, मैलाच्या दगडावर असते, पत्रावर असते. ते वाचताना आणि उच्चारताना आपण सहज चुकतो, आणि चूक झाली हे बहुधा आपल्याला कळतही नाही. या पाठात कर्नाटकातील होसकोटे या गावाच्या नावाचा धागा धरून अशा चुका कशा घडतात, त्यांतील कोणत्या चुका भाषेच्या स्वभावातून येतात आणि कोणत्या निव्वळ निष्काळजीपणातून, याचा विचार केला आहे. पाठ अभ्यासल्यावर परभाषेतील गावाचे नाव मराठीत लिहिताना कोठे अडखळायला होते ते तुम्ही सांगू शकाल आणि रूढ मराठी नाव व चुकीचे नाव यांत फरक करू शकाल.

एक बिल्टी आणि तीन गावे

अशी कल्पना करा, की तासगावहून द्राक्षांच्या पेट्या भरून एक मालमोटार निघाली आहे. माल पोहोचवायचा आहे होसकोट्याला. बिल्टीवर गावाचे नाव इंग्रजी लिपीत लिहिलेले आहे. चालकाने इंग्रजी वाचायला शिकताना ‘नोट’, ‘व्होट’ हे शब्द गिरवलेले असतात. त्यांच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर लिहिले जाते, पण त्याचा उच्चार होत नाही, हे त्याला ठाऊक असते. त्याच सवयीने तो बिल्टीवरचे नाव ‘होस्कोट’ असे वाचतो. ‘कोट’ हा शब्द मराठीला परका नाही. त्यामुळे आपण काही चुकीचे वाचले असेल अशी शंकाही त्याच्या मनात येत नाही.

गाडी कोल्हापूर, बेळगाव मागे टाकून हुबळीला येते. तेथे चहाच्या टपरीवर तो ‘होस्कोट’चा रस्ता विचारतो. ऐकणाऱ्याच्या कानाला या नावाचे गाव परिचयाचे नसते. जवळचे म्हणून त्याला ‘होसपेट’ आठवते. तो पूर्वेकडे जाणारा गदगचा रस्ता दाखवतो. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापल्यावर तुंगभद्रेच्या धरणाजवळ, हंपीच्या शेजारी, चालकाला कळते की आपण भलत्याच गावी आलो. तेथून होसकोटे साडेतीनशे किलोमीटरांहून कमी नाही. द्राक्षांना मात्र वाट पाहणे ठाऊक नसते.

हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी गावे खरी आहेत, आणि त्यांच्या नावांतले साम्यही खरे आहे. कन्नडमध्ये ‘होस’ म्हणजे नवा. ‘कोटे’ म्हणजे किल्ला किंवा कोट, ‘पेटे’ म्हणजे बाजारपेठ आणि ‘ऊरु’ म्हणजे गाव. म्हणजे होसकोटे हा नवा कोट झाला. होसपेटे ही नवी पेठ झाली. आणि तमिळनाडूच्या सीमेवरचे होसूर हे नवे गाव झाले. यांपैकी होसकोटे बंगळूरच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, होसूर आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, आणि होसपेटे उत्तरेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. पुण्यातील आणि सोलापुरातील नवी पेठ ज्यांना माहीत आहे, त्यांना होसपेटे हे नाव परके वाटायचे कारण नाही. नावाचा अर्थ कळला की नाव लक्षात राहते आणि सहसा चुकत नाही. अक्षरे पाठ करण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ सोपा आहे.

होसकोट्याचा कोट सुगटूरच्या तम्मेगौडा या सरदाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधला. कोलारच्या जुन्या कोटाहून वेगळा म्हणून तो नवा कोट, असे सांगतात. मराठी वाचकाला या गावाविषयी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. १६३८ साली आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याने शहाजीराजांसह स्वारी करून तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतले. त्यानंतर शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर मिळाली, तीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांबरोबर होसकोटेही होते. म्हणजे मराठी माणसाच्या जिभेवर हे नाव आज नव्हे, पावणेचारशे वर्षांपूर्वीच आलेले आहे.

पाठगत प्रश्न : बिल्टीवरील नाव वाचताना चालकाकडून नेमकी कोणती चूक झाली? ती केवळ त्याचीच चूक होती, असे म्हणता येईल का?

कानाने ऐकलेले, डोळ्यांनी वाचलेले

गावाचे नाव आपल्यापर्यंत दोन वाटांनी येते. एक कानाची, दुसरी डोळ्यांची. पूर्वी कानाची वाट मोठी होती. यात्रेकरू, बैरागी, शिपाई, व्यापारी गावोगावी हिंडत, नाव ऐकत आणि आपापल्या जिभेच्या वळणाप्रमाणे ते बोलत. जुन्या मराठी कागदपत्रांत बंगळूरचा उल्लेख ‘बेंगरूळ’ असा येतो. ‘ळ’ आणि ‘र’ यांनी येथे जागा बदलल्या आहेत. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. ‘वाराणसी’चे ‘बनारस’ झाले तेही याच रीतीने. तमिळ मुलखातील सेंजी हा किल्ला मराठ्यांच्या बोलण्यात ‘चंदी’ आणि ‘जिंजी’ झाला, तंजावूरचे ‘तंजावर’ झाले, तिरुचिरापळ्ळीचे ‘त्रिचनापल्ली’ झाले. हे सर्व बदल ऐकून झालेले आहेत. ते मूळ नावाहून वेगळे असले, तरी त्यांत एक नैसर्गिकपणा आहे. बोलणाऱ्याने नाव आपलेसे करून घेतले आहे.

आज आपण गावांची नावे प्रामुख्याने डोळ्यांनी शिकतो, आणि तीही इंग्रजी लिपीतून. येथे अडचण अशी, की मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत असलेले वर्ण इंग्रजी लिपीत नाहीत. बंगळूरचा विमानतळ २००८ साली ज्या गावाजवळ सुरू झाला, त्याचे नाव देवनहळ्ळी. ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. ‘ळ’ हा वर्ण कन्नडमध्ये आहे आणि मराठीतही आहे. तरीसुद्धा मराठी वृत्तपत्रांत हे नाव पुष्कळदा ‘देवनहल्ली’ असे छापले जाते, कारण ते कन्नडमधून मराठीत थेट न येता इंग्रजीला वळसा घालून येते. ज्यांच्या दोघांच्याही घरात एकच वस्तू आहे, त्यांनी ती तिसऱ्याकडून मोडकी उसनी घ्यावी, असा हा प्रकार आहे. ‘द’ आणि ‘ड’ यांच्याबाबतही हेच घडते. इंग्रजी लिपीत दोघांना एकच अक्षर. म्हणून ‘दोड्डबळ्ळापूर’चे ‘डोडाबल्लापूर’ होते.

इंग्रजांनाही या गोंधळाची जाणीव होती. एकाच गावाचे नाव एक अधिकारी एका प्रकारे लिही, तर दुसरा दुसऱ्या प्रकारे. विल्यम विल्सन हंटर यांनी १८७१ साली भारतीय विशेषनामांच्या लेखनासाठी मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यांची पद्धत पुढे सरकारी नकाशांत व गॅझेटियरांत रूढ झाली. परंतु जी लेखने फार प्रचारात आली होती, त्यांना हात लावण्याचे धैर्य कोणी केले नाही. मुंबई, पुणे, कोलकाता या शहरांची जुनी इंग्रजी रूपे त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे तशीच टिकली.

मराठी लेखनाच्या सवयी

सगळा दोष इंग्रजीवर ढकलणे योग्य होणार नाही. ‘होसकोटे’ हे नाव देवनागरीत अचूक लिहिलेले असले, तरी मराठी वाचक ते कन्नड माणसाप्रमाणे वाचत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे अक्षरातील ‘अ’. मराठीत आपण ‘सरकार’ लिहितो आणि ‘सर्‌कार’ म्हणतो. ‘परवा’ लिहितो आणि ‘पर्‌वा’ म्हणतो. शब्दाच्या मध्यावरचा किंवा शेवटचा ‘अ’ आपण सहज गिळतो. त्याच सवयीने आपण ‘होस्‌कोटे’ म्हणतो. कन्नडमध्ये प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारले जाते : हो-स-को-टे. कन्नड माणसाच्या कानाला मधला ‘स’ अर्धा ऐकू आला, की नाव ओळखीचे असूनही काहीसे परके वाटते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, आणि त्यांच्यासाठी वेगवेगळी अक्षरे आहेत. ‘होसकोटे’ या नावातला पहिला ‘हो’ ऱ्हस्व आहे, ‘को’ दीर्घ आहे आणि शेवटचा ‘टे’ पुन्हा ऱ्हस्व आहे. मराठीच्या वर्णमालेत हा भेद दाखवणारी अक्षरे नाहीत. दाक्षिणात्य भाषांसाठी देवनागरीत अशी चिन्हे तयार करण्यात आली आहेत. पण मराठी छपाईत ती रुजली नाहीत. त्यामुळे हे नाव आपण कितीही काळजीपूर्वक लिहिले, तरी त्याचा ताल कागदावर उतरत नाही. तो कानानेच घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट मौजेची आहे. कन्नड लेखनात ‘बेंगळूरु’ या नावातील ‘ळू’ दीर्घ आहे आणि ‘रु’ ऱ्हस्व आहे. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ लिहिला जातो, आणि शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याआधीचा उकार ऱ्हस्व होतो. म्हणून मराठीत हे नाव ‘बंगळुरू’ असे लिहिले जाते. नियम आपल्या जागी बरोबर; पण त्याच्या पालनातून मूळ नावाचे ऱ्हस्व-दीर्घ नेमके उलटे झाले! ‘बंगळूर’ या जुन्या मराठी रूपात शेवटचा ‘उ’ नसला, तरी ‘ळू’ दीर्घच राहतो. गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ लिहावा, असा नियम मराठीत आहेच. नागपूर, सोलापूर ही नावे आपण तशीच लिहितो. त्या वळणाला ‘बंगळूर’ हे रूप अधिक जवळचे आहे.

‘च’ आणि ‘ज’ या वर्णांचीही येथे नोंद घ्यावी लागेल. मराठीत त्यांचे दोन उच्चार आहेत : ‘चमचा’मधला एक आणि ‘चहा’मधला दुसरा. कन्नडमध्ये केवळ ‘चहा’मधला. मराठी माणूस ‘चामराजनगर’ वाचताना पहिला ‘चा’ ‘चाक’ शब्दातल्यासारखा उच्चारतो आणि कन्नड माणूस ‘चाकण’चे ‘च्याकण’ करतो. येथे कोणीच निष्काळजी नाही. प्रत्येक जण आपली भाषा प्रामाणिकपणे वाचत आहे.

याखेरीज मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. पुणे–पुण्याला, ठाणे–ठाण्याहून, तसे होसकोटे–होसकोट्यात. मराठी लेखनात हे रूप अगदी योग्य आहे आणि या पाठातही ते वापरले आहे. परंतु वाटेत एखाद्या कन्नड माणसाला रस्ता विचारताना ‘होसकोट्याला कसे जायचे?’ असे म्हटले, तर ‘कोट्या’ हे काय, असा प्रश्न त्याला पडेल. अशा वेळी नाव प्रत्ययाशिवाय, एकटे उच्चारलेले बरे.

पाठगत प्रश्न : ‘बेंगळूरु’ आणि ‘बंगळुरू’ या दोन लेखनांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

तळ्याचा डोंगर

महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘दावणगिरी लोणी डोसा’ अशी पाटी दिसते. हा डोसा ज्या गावाचा, त्याचे कन्नड नाव दावणगेरे. ‘केरे’ म्हणजे तळे. समासात त्याचे ‘गेरे’ होते. कर्नाटकात ‘गेरे’ने संपणारी गावे जागोजाग आहेत, कारण तेथे तळी बांधण्याची परंपरा फार जुनी आहे. खुद्द होसकोट्यालाही विस्तीर्ण तळे आहे. मराठी माणसाला ‘गेरे’चा अर्थ माहीत नव्हता; त्याला ‘गिरी’ माहीत होता. ऐकलेल्या अनोळखी ध्वनीच्या जागी त्याने आपल्या ओळखीचा शब्द बसवला, आणि तळ्याचा डोंगर झाला.

हीच गत आणखी एका नावाची झाली आणि तेथे ती अधिक लागते. शहाजीराजांचा मृत्यू १६६४ साली शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून झाला. ते ठिकाण आजच्या दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरीजवळ आहे, आणि तेथे त्यांची समाधी आहे. गावाचे कन्नड नाव होदिगेरे. मराठी पुस्तकांत ते ‘होदिगेरे’, ‘होदेगिरी’, ‘होडीगेरे’ अशा वेगवेगळ्या रूपांत आढळते. ‘होदेगिरी’त तळ्याचा डोंगर झाला आहे, तर ‘होडीगेरे’त इंग्रजी लिपीमुळे ‘द’चा ‘ड’ झाला आहे. समाधीच्या दर्शनासाठी निघालेला माणूस ‘होदेगिरी’ नावाचा डोंगर शोधू लागला, तर तो त्याला सापडणार नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या वडिलांचे चिरविश्रांतिस्थान ज्या गावात आहे, त्या गावाचे नाव तरी मराठी पुस्तकांनी एकसारखे आणि बरोबर छापावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

अशी आणखी उदाहरणे आहेत. चिक्कमगळूरु म्हणजे धाकट्या मुलीचे गाव. मराठीत त्याचे ‘चिकमंगळूर’ झाले, कारण मंगळूर हे नाव आधीच ओळखीचे होते. ‘मग’ म्हणजे मुलगा किंवा ‘मगळु’ म्हणजे मुलगी हे शब्द ओळखीचे नव्हते. ‘म्हैसूर’ या नावात मराठी माणसाला म्हैस दिसते. येथे मात्र मराठीची बाजू काहीशी वरचढ आहे. गावाच्या नावाचा संबंध ‘महिष’ या शब्दाशी लावला जातो, आणि आजच्या कन्नड ‘मैसूरु’मध्ये न उरलेला ‘ह’ मराठीने जपून ठेवला आहे.

नावाच्या मागे कथा रचण्याचा मोह स्थानिक लोकांनाही आवरत नाही. बाराव्या शतकातील बल्लाळ राजाला रानात एका वृद्धेने उकडलेल्या शेंगदाण्यांनी... असे कोणी सांगू लागले, तर त्याला थांबवावे. शेंगदाणा त्या काळी भारतात आलेलाच नव्हता. कथेतले धान्य उकडलेल्या घेवड्यासारखे कडधान्य आहे, आणि त्यावरून ‘बेंद काळूरु’ म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ही कथाही टिकत नाही. बंगळूरजवळच्या बेगूर येथील सुमारे इ. स. ८९० च्या शिलालेखात ‘बेंगळूरु’ हे नाव आलेले आहे. राजाला भूक लागण्याच्या निदान दोनशे वर्षे आधी गाव आपल्या नावानिशी तेथे होते.

परक्यांनी केलेली आपली नावे

आपण दुसऱ्यांच्या नावांचे काय केले हे पाहिल्यावर दुसऱ्यांनी आपल्या नावांचे काय केले हेही पाहायला हवे. मुंबई बेट जेथे संपत असे, त्या हद्दीवरच्या गावाला मराठीत ‘शीव’ म्हणत. शीव म्हणजे सीमा. गावाची वेस आणि शीव हे शब्द ग्रामीण भागात आजही जिवंत आहेत. परकीयांनी हे नाव आपल्या लिपीत लिहिले आणि मग लोक लिहिलेले वाचू लागले. त्यातून ‘सायन’ हे नाव जन्माला आले. आज मराठी माणूससुद्धा ‘सायनला उतरतो’, आणि शीव म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागते. नाव परक्याच्या तोंडून परत आले आणि मूळ नावाला त्याने घराबाहेर काढले.

पुण्याजवळच्या खडकीचे इंग्रजी लेखन असे काही झाले, की ते वाचणारा ‘किर्की’ म्हणू लागला. १८१७ साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात तेथे झालेली लढाई इंग्रजी ग्रंथांत त्याच नावाने नोंदली गेली. पोर्तुगिजांनी वसईचे ‘बसाईं’ केले, इंग्रजांनी त्याचे ‘बसीन’ केले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला वसईचा तह इंग्रजी पुस्तकांत ‘बसीनचा तह’ म्हणून येतो. गंमत अशी, की ब्रह्मदेशातील एका बंदरालाही इंग्रज ‘बसीन’च म्हणत. त्याचे आजचे नाव पाथेन. नकाशात ‘बसीन’ शोधणारा विद्यार्थी बंगालच्या उपसागरापलीकडे जाऊन पोहोचला, तर त्याला दोष कसा द्यावा?

मराठ्यांनीही या परकीयांना आपल्या जिभेला सोयीची नावे दिली होती. हॉलंडचे लोक ते ‘वलंदेज’, फ्रान्सचे ते ‘फरासीस’ आणि डेन्मार्कचे ते ‘डिंगमार’. हे शब्द आज्ञापत्रात आलेले आहेत. ‘वलंदेज’ आणि ‘डिंगमार’ या दोन्ही शब्दांचे मूळ पोर्तुगीज उच्चारांत आहे. म्हणजे तेव्हाही नावे तिसऱ्याच भाषेतून फिरून येत होती. फरक इतकाच, की तेव्हा ती कानाने येत.

सातासमुद्रांपलीकडे

पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या प्रवासावर आणि तेथील लोकस्थितीवर लिहिलेले मराठी पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. तेथील शहरांची व राज्यांची नावे त्यांना देवनागरीत उतरवावी लागली, आणि तीही ज्यांनी ती नावे कधी ऐकली नाहीत अशा वाचकांसाठी. असे काम करणाऱ्याला पुढ्यात पडलेली अक्षरे फसवतात. लेखनात ‘लायसेस्टर’ दिसणाऱ्या इंग्रजी शहराचा उच्चार ‘लेस्टर’ असा आहे, आणि ‘एडिनबर्ग’ वाटणारे शहर ‘एडिनबरा’ आहे. शून्य अंशाचे रेखावृत्त ज्या गावावरून जाते, त्याचे नाव भूगोलाच्या मराठी पुस्तकांत कधी ‘ग्रीनविच’ तर कधी ‘ग्रीनिच’ असे छापलेले आढळते. दुसरे रूप तेथील उच्चाराच्या अधिक जवळचे आहे. अमेरिकेतील एका राज्याचे नाव ‘अर्कान्सास’ असे वाचावेसे वाटते, तेथील लोक म्हणतात ‘आर्कन्सॉ’. इंग्रजी शब्दांतील असे स्वर मराठीत लिहिता यावेत म्हणून ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही अक्षरे महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत अधिकृतपणे समाविष्ट झाली. कन्नडच्या ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ यांना मात्र ही जागा मिळाली नाही. दूरच्या पाहुण्यासाठी पाट मांडला गेला, शेजारी दारातच राहिला.

उच्चार बरोबर असूनही चूक होऊ शकते. २००२ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीला जायला निघालेले दोन ब्रिटिश तरुण कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सिडनी या छोट्या शहरात उतरले. तिकिटावर नाव बरोबर होते, गाव दुसरे होते. आपल्याकडेही महाराष्ट्रातील रायगड आणि छत्तीसगडमधील रायगढ यांच्यात एका अक्षराचेच अंतर आहे.

कोणते नाव चूक म्हणावे?

येथे एक प्रश्न उभा राहतो. ‘तंजावर’, ‘हुबळी’, ‘विजापूर’, ‘म्हैसूर’ ही नावे तेथील लोकांच्या उच्चाराप्रमाणे नाहीत. मग ती चूक मानावीत का? तसे मानता येणार नाही. शतकानुशतके मराठी बोलण्यात आणि लिहिण्यात राहिलेली ही मराठी नावे आहेत. इंग्रज ‘पॅरिस’ म्हणतात, फ्रेंच ‘पारी’ म्हणतात, आणि दोघेही आपापल्या भाषेत बरोबर असतात. भौगोलिक नावांविषयी संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली परिषद १९६७ साली जिनिव्हा येथे भरली. तेव्हापासून स्थानिक नावाला अग्रक्रम द्यावा, असा जगभर प्रयत्न चालू आहे. पण त्यामुळे प्रत्येक भाषेतील रूढ नावे नाहीशी झालेली नाहीत.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची अधिकृत नावे बदलली. बेंगळूरु, मैसूरु, हुब्बळ्ळी, होसपेटे, कलबुर्गी, विजयपुर ही त्यांतील काही. टपाल, तिकीट, अर्ज, न्यायालयाचे कागद येथे आता हीच नावे लिहायला हवीत. इतिहासाच्या पुस्तकात विजापूरच्या आदिलशाहीला ‘विजयपुरची आदिलशाही’ म्हणण्याचे कारण नाही. आणि ‘होस्कोट’, ‘देवनहल्ली’, ‘होडीगेरे’ यांचे काय? ही रूपे मराठी माणसाने कानाने ऐकून घडवलेली नाहीत. ती इंग्रजी अक्षरांच्या चुकीच्या वाचनातून आली आहेत. ती मात्र निःसंशय चूक आहेत आणि सुधारता येण्यासारखी आहेत.

नावांचा हा गोंधळ टपाल खात्याइतका कोणी सोसला नसेल. सारख्या नावांची गावे, अनेक भाषांतले पत्ते, चुकीची लेखने यांतून पत्र योग्य दारी पोहोचावे म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक व तार मंडळातील ज्येष्ठ अधिकारी होते, आणि संस्कृतचे कवी व नाटककारही होते. शब्दांवर जन्मभर प्रेम केलेल्या माणसाने पत्त्यासाठी अंकांचा आधार घ्यावा, यात त्यांची व्यवहारदृष्टी दिसते. या सहा अंकांतील पहिला अंक विभाग दाखवतो, पहिले दोन मिळून टपाल परिमंडळ, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणारे कार्यालय. होसकोट्याचा पिनकोड ५६२११४, होसपेट्याचा ५८३२०१ आणि होसूरचा ६३५१०९. नावे कानाला कितीही सारखी वाटोत, कागदावर या तिघांत गल्लत होणे कठीण. तासगावच्या बिल्टीवर गावाच्या नावापुढे हे सहा अंक असते, तर हुबळीतील टपरीवर विचारताना चालकाला नावाबरोबर तो कागदही पुढे करता आला असता.

शब्दार्थ

बिल्टी – मालाबरोबर पाठवायचा वाहतुकीचा कागद. वर्णविपर्यय – शब्दातील वर्णांची अदलाबदल होणे. सामान्यरूप – प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणारा बदल. व्युत्पत्ती – शब्द कसा तयार झाला याचे स्पष्टीकरण. शीव – सीमा, हद्द.

स्वाध्याय

१. ‘दावणगेरे’चे ‘दावणगिरी’ कसे झाले ते स्पष्ट करा. तुमच्या परिसरातील एखाद्या नावात असा बदल झाला असल्यास तो लिहा.

२. ‘तंजावर’ आणि ‘देवनहल्ली’ ही दोन्ही रूपे मूळ नावांहून वेगळी आहेत. पाठात त्यांपैकी एकच चूक का मानले आहे? तुम्हांला हे मत पटते का? सकारण लिहा.

३. तुमच्या गावाचे नाव इंग्रजी लिपीत लिहून ते मराठी न जाणणाऱ्या एखाद्या व्यक्तीला मोठ्याने वाचायला सांगा. तिने केलेला उच्चार देवनागरीत लिहून काढा आणि कोणत्या अक्षराशी ती अडखळली ते नोंदवा.